कळी महिन्याची, फूल दिवसाचं : प्रस्तावना

जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली पडलेलं असतं. पण उमलण्याआधी ते त्याच फांदीवर, त्याच देठावर तीन-चार आठवडे कळी होऊन राहिलेलं असतं. थंडी कडक असली तर त्याहूनही जास्त. म्हणजे फुलाच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा ठरवला, तर जवळजवळ सगळा काळ कळीच्याच नावावर जमा होतो. आपण मात्र जास्वंद पाहतो ती फक्त त्या शेवटच्या दिवसाची. खरं सांगायचं तर तेवढीही पाहत नाही. परडी घेऊन जातो, खुडतो आणि देवावर वाहतो.

हे पुस्तक त्या आधीच्या आठवड्यांचं आहे. साधी लाल जास्वंद कळी धरते तेव्हापासून तिच्या पाकळ्या मिटून गळतात तोवर दिवसागणिक काय घडतं, त्याच्या या नोंदी. काही नोंदी चार ओळींच्या आहेत, काही दोन पानांच्या, आणि कितीतरी दिवसांसमोर फक्त ‘बदल नाही’ एवढंच लिहिलेलं आहे. हे शेवटचे दोन शब्द गाळून टाका, असं मला एका जाणकार मित्राने सुचवलं होतं. मी ते ठेवले. कारण पुढे येईलच.

जास्वंदच का, असं विचारणारे भेटतात. ब्रह्मकमळ का नाही? ब्रह्मकमळासाठी माणसं रात्र जागवतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात, फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात. त्या फुलाला प्रेक्षकांची वाण नाही. मोगऱ्याच्या कळ्या लहान आणि झुबक्यात दाटलेल्या. एकीवर नजर ठेवावी तर दुसरी मध्ये येते. गुलाबावर इतकं लिहून झालं आहे की आता गुलाबाला थोडी विश्रांती द्यायला हरकत नाही. जास्वंदीचं कौतुक मात्र कुणी करत नाही, कारण ती असतेच. शाळेच्या कुंपणाला असते, देवळामागे असते, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशी असते. बाराही महिने थोडीफार फुलते. जे सदा समोर असतं ते पाहायचं राहून जातं, आणि जास्वंदीच्या वाट्याला हे जरा जास्तच आलं आहे.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. जास्वंदीला कळी येते ती नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात, बहुधा एका बेचक्यात एकच. फांदी वाढत जाते तसतशी वरच्या नव्या बेचक्यांत नव्या कळ्या धरत जातात. त्यामुळे चांगली उन्हातली एक फांदी घेतली, तर शेंड्याजवळ जेमतेम दिसणारी कळी, खाली तिच्यापेक्षा मोठी, आणखी खाली टोकाला लाल दिसू लागलेली, आणि सगळ्यात खाली आजचं फूल, अशा सगळ्या वयाच्या कळ्या एकाच फांदीवर एका वेळी सापडतात. ज्याला महिनाभर थांबायचा धीर नाही, त्याने शेंड्यापासून खाली नुसती नजर फिरवली तरी महिना पाहून होतो. नव्याने निरीक्षण करू पाहणाऱ्याला याहून सोयीचं झाड मला माहीत नाही. आणि भिंगाची गरजही शेवटपर्यंत फारशी पडत नाही.

सुरुवातीला दिसते ती खरं म्हणजे कळी नसतेच. बेचक्यात काही बारीक हिरव्या पट्ट्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, बहुतेक वेळा सहा किंवा सात. नवशिक्याला ही नवी पानं फुटताहेत असंच वाटतं. हा कळीचा सगळ्यात बाहेरचा वेढा. त्याच्या आत पाच निदलांची, तळाशी जुळलेली घंटेच्या आकाराची हिरवी टोपी. तिच्या आत पाकळ्या. पाकळ्यांच्या आत केसर. आपल्याला शाळेत फूल शिकवतात ते बाहेरून आत असंच, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी फुलाचे भाग पहिल्यांदा ओळखले ते जास्वंद चिरूनच: निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग. पण चिरलेल्या फुलात हे चारही वेढे एकदम समोर येतात. कळीत ते एकामागून एक, आपापल्या वेळेला जागे होतात, आणि कोण कुणासाठी थांबतं हे तिथेच कळतं.

पहिले दोनेक आठवडे सगळी वाढ हिरव्याची असते. बाहेरच्या पट्ट्या हळूहळू फाकतात, आतली टोपी फुगते, देठ लांबतो. लाल रंगाचा मागमूस नसतो. मग एके दिवशी टोपीची पाच टोकं किंचित विलगतात आणि फटीतून रंग दिसतो. यापुढे सगळी गडबड सुरू होते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाकळ्यांची लांबी इतक्या झपाट्याने वाढते की सकाळची आणि संध्याकाळची नोंद वेगळी ठेवावी लागते. या घाईत पाकळीत नव्या पेशी फारशा तयार होत नाहीत. असलेल्या पेशीच पाणी शोषून ताणल्या जातात. आधीच्या आठवड्यांत साठवलेल्या पिष्टाची साखर होते, साखरेमागून पाणी आत येतं, आणि पाकळी लांब होते. म्हणजे ज्या दिवसांसमोर मी ‘बदल नाही’ लिहिलं, त्या दिवसांत या शेवटच्या धावपळीची शिदोरी बांधली जात होती. म्हणून ते दोन शब्द गाळायला मी तयार नव्हतो.

रंग दिसू लागल्यावर कळीचा पीळ पाहावा. पाचही पाकळ्या एकमेकींवर अशा गुंडाळलेल्या असतात की प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. सगळं मिळून मिटलेल्या छत्रीसारखं. आता प्रश्न असा की हा पीळ कुठल्या बाजूला? डावीकडे की उजवीकडे? हा प्रश्न पोरकट वाटला तर वाटू द्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत टी. ए. डेव्हिस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्या सहवासात आलेले हे गृहस्थ नारळाच्या झाडांचं डावं-उजवेपण मोजत असत, आणि १९६०च्या दशकात त्यांनी जास्वंदीच्या कुळातल्या फुलांचा पीळही तसाच मोजला. त्यांना आढळलं की एकाच झाडावर दोन्ही बाजूंना पीळ असलेली फुलं येतात, आणि दोन्हींची संख्या साधारण सारखी भरते. या कामाला प्रयोगशाळा लागली नाही; झाडापाशी उभं राहून मोजायची चिकाटी लागली. वाचकाने आपल्या झाडावर हे करून पाहावं. लहान मुलं घरात असतील तर त्यांना द्यावं. ती मोठ्यांपेक्षा चोख मोजतात.

झाडाची वाढ रोज थोडी थोडी पाहायची आणि तिची नोंद ठेवायची, या कामात मराठी माणसाचा एक मोठा पूर्वज आहे, आणि त्याचं नाव या संदर्भात फारसं घेतलं जात नाही याचं मला नवल वाटतं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा होता, पैसे नव्हते. पैसे देणाऱ्याला आधी काहीतरी दाखवावं लागणार होतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट घेत चित्रण केलं. पडद्यावर ते सारं मिनिटभरात उलगडलं: दाणा रुजला, अंकुर वर आला, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या चित्रपटाचं नाव. तो पाहून भांडवल देणारे तयार झाले, आणि १९१३च्या मे महिन्यात मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

इंग्लंडमध्ये त्याआधी दोन वर्षं, १९१० मध्ये, पर्सी स्मिथ यांनी फुलं उमलतानाचा असाच एक चित्रपट केला होता. तिकडचं तंत्र आणि इकडची गरज कुठे कशी जुळली हा चित्रपटाच्या इतिहासकारांचा विषय. मला यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. भारतीय चित्रपटसृष्टी ज्यांना आपले जनक मानते, त्यांनी देवादिकांच्या आणि राजांच्या गोष्टी सांगण्याआधी महिनाभर एका कुंडीसमोर एकेक चौकट घेतली. त्या महिन्यात त्यांच्या घरातली माणसं त्या कुंडीला किती जपत असतील! कुणी ती इंचभर सरकवली असती तरी सगळं चित्रण वाया गेलं असतं.

आता हे काम खिशातला मोबाइल करतो. कळीसमोर तो उभा करून ठेवला की रात्रभराचं उमलणं अर्ध्या मिनिटात पाहता येतं, आणि ते सुंदर दिसतं, मीही करतो. पण त्यात एक खोट आहे. वेग वाढवला की झाड सतत काहीतरी करत असल्यासारखं दिसतं. थांबणं दिसत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गळालेली कळी दिसत नाही, कारण गळालेल्या कळीची चित्रफीत कुणी जपून ठेवत नाही.

कळीगळ हा जास्वंद लावणाऱ्या प्रत्येकाचा जुना दुखरा विषय. भरपूर कळ्या धरतात, वाढतात, आणि उमलायच्या बेतात आल्या की पिवळ्या पडून टपाटप गळतात. जास्वंदीच्या देठाला वरच्या बाजूला एक सांधा असतो. नीट पाहिलं तर बारीक कडं दिसतं. झाडाला ताण आला की इथिलीन नावाचा वायू झाडातच तयार होतो, त्या सांध्यापाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि कळी सुटते. कुणी तोडल्यासारखी ती तुटत नाही. झाड तिला सोडून देतं. ताण कसला? कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब. एप्रिल-मेची गरम झळ. कळ्या धरलेल्या असताना कुंडीची जागा बदलणं. कळीत शिरलेले फुलकिडे. आणि पिठ्या ढेकूण.

पिठ्या ढेकणाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नोंदींमध्ये त्याची हजेरी वारंवार आहे. कळीच्या बुडाशी, बाहेरच्या पट्ट्यांच्या आड पांढरा कापूस लागल्यासारखा दिसतो तो हाच. हा रस शोषतो, कळी वेडीवाकडी होते आणि गळते. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी ही सगळी एकाच कुळातली. त्यामुळे कापसाच्या शेतात धुमाकूळ घालणारा पिठ्या ढेकूण गच्चीवरच्या जास्वंदीवरही सुखाने नांदतो. याच्या जोडीला मुंग्या. आता मुंग्यांचं प्रकरण गंमतशीर आहे. जास्वंदीच्या पानाच्या मागे, मधल्या शिरेवर देठाजवळ एक बारीक मधुग्रंथी असते. तिच्यातला गोड रस खायला मुंग्या येतात, आणि त्या मोबदल्यात पान कुरतडणाऱ्या किड्यांना हुसकावतात, असं या व्यवस्थेचं कारण सांगतात. पण पिठ्या ढेकूणही अंगातून चिकट गोड द्रव सोडतो, आणि मुंग्यांना तो जास्त आवडतो. मग त्याच मुंग्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना जवळ येऊ देत नाहीत. झाडाने ठेवलेले राखणदार फितूर होतात. उपाय सगळ्यांना माहीत असलेलेच: पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचं पातळ पाणी, निंबोळी तेल, आणि फार लागण झालेली फांदी सरळ कापून टाकणं. मी सुरुवातीला औषधांच्या नावांची यादी द्यायचं ठरवलं होतं. ती काढून टाकली. हे बागकामाचं मार्गदर्शक पुस्तक नाही.

एवढ्यातून वाचलेली कळी एका संध्याकाळी पुरी लांब होते. टोकाचा पीळ सैल पडलेला दिसतो. उद्या ही उमलणार हे तिला रोज पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पहाटे पाकळ्या एकमेकींपासून सुटू लागतात, आणि ऊन वर येईतो फूल पुरतं पसरतं. मधून तो लांब दांडा बाहेर येतो, जो जास्वंद सोडून दुसऱ्या कुठल्या ओळखीच्या फुलात इतका डोळ्यात भरत नाही. हा दांडा म्हणजे सगळ्या पुंकेसरांचे तंतू जुळून झालेली नळी. तिच्या अंगावर पिवळे परागकोष, आणि नळीच्या आतून वाट काढत टोकाला बाहेर आलेल्या कुक्षीच्या पाच लाल, मखमली टिकल्या. वास नाही. लाल रंग, भरपूर मध आणि वासाचा अभाव, हे सगळं पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलाचं लक्षण. आपल्याकडे शिंजीर येतो. पण तो अनेकदा समोरून न येता फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध चोरतो, आणि परागाला शिवतसुद्धा नाही.

तसंही आपल्या लाल जास्वंदीला बी सहसा धरत नाही. ती वाढते फांदीवरून. पावसाळ्यात कुणाकडून तरी फांदी आणायची, मातीत खोचायची, लागली तर लागली. याचा एक अर्थ असा की आजोळच्या अंगणातली जास्वंद आणि तिची फांदी आणून लावलेली तुमच्या गच्चीतली जास्वंद ही दोन झाडं नाहीत. जीवशास्त्राच्या हिशेबाने ते एकच झाड आहे, दोन ठिकाणी वाढणारं. आणि आजोळची फांदी कुठून आली होती?

हा माग फार लांब जातो आणि मध्येच तुटतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला जे शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ चीनचा गुलाब असा होतो. तिकडे ते पूर्वापार लावलं जात होतं हे खरं, पण रानात आपोआप वाढणारी ही जास्वंद चीनमध्ये नाही आणि भारतातही नाही. माणसाच्या बागेतच ती सापडते. अलीकडचे काही अभ्यासक तिचं मूळ प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या दोन रानटी जास्वंदींच्या संकरात शोधतात. लिनियसच्याही आधी, सतराव्या शतकात कोचीच्या डच गव्हर्नरने, हेन्ड्रिक व्हान र्‍हीडने, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्याच्या दुसऱ्या खंडात जास्वंद तिच्या मल्याळी नावाने, चित्रासह आलेली आहे. त्या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. १६७५ साली त्यांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. जास्वंदीचं चित्र काढलं जात होतं तेव्हा तिच्याबद्दल त्या तिघांनी काय सांगितलं असेल, हे ऐकायला मिळतं तर मी या पुस्तकातली निम्मी पानं आनंदाने वगळली असती.

आज जास्वंद मलेशियाचं राष्ट्रीय फूल आहे, १९६० पासून. बंगालमध्ये कालीला लाल जास्वंद हवी, आपल्याकडे गणपतीला. अथर्वशीर्षात लाल फुलांचा उल्लेख आहे, आणि लाल फूल म्हटल्यावर दाराशी जे होतं ते देवापर्यंत गेलं, असा माझा सरळ अंदाज. गणेशोत्सवात दादरच्या फूलबाजारात जास्वंद मिळते ती बहुतेक कळीच्या रूपात. हे व्यापाऱ्यांचं शहाणपण आहे. उमललेली जास्वंद हाताळणीत चुरगळते, कळी टिकते. पूर्ण वाढलेली कळी आदल्या दिवशी संध्याकाळी खुडली, तर पाण्यात न ठेवताही ती दुसऱ्या सकाळी वेळेवर उमलते. उमलण्यासाठी लागणारी सगळी तयारी तिच्यात आधीच झालेली असते. शेवटच्या रात्री तिला झाडाची गरज फारशी उरलेली नसते. वाडीवाल्यांनी हे कुठल्याही ग्रंथात न वाचता ओळखलं.

काही जातींबद्दल वेगळी प्रकरणं आहेत. इथे त्यातल्या दोघींचीच ओळख करून देतो. पहिली, डबल जास्वंद. तिची कळी साध्या कळीपेक्षा ठेंगणी आणि फुगीर. उमलल्यावर मधला दांडा नीट दिसत नाही. तिथे पाकळ्यांचा गुच्छ असतो. त्या गुच्छातली आतली एखादी पाकळी चिमटीत धरून पाहा. पुष्कळदा तिच्या कडेला अर्धवट परागकोष चिकटलेला सापडतो, अर्धी पाकळी आणि अर्धा केसर. जर्मन कवी गटे याने १७९० मध्ये वनस्पतींच्या रूपांतरावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पान, निदल, पाकळी, केसर ही सगळी एकाच मूळ अवयवाची रूपं आहेत, हे त्याचं म्हणणं. कवीची कल्पना म्हणून त्याच्या काळातल्या अनेक शास्त्रज्ञांनी ती बाजूला सारली. १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी फुलातला कुठला वेढा कुठल्या जनुकांमुळे काय बनतो याचा आराखडा मांडला, आणि कवीचं म्हणणं पुष्कळ अंशी खरं निघालं. एका जनुकाचं काम ढिलं पडलं की केसराच्या जागी पाकळी येते. डबल जास्वंद म्हणजे हीच ढिलाई, माणसाने आवडीने जोपासलेली.

दुसरी, मिरची जास्वंद. ही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, जास्वंदीच्या कुळातली पण वेगळ्या घराण्यातली. हिची कळी खाली लोंबते, लाल होते, वाढते, आणि उमलतच नाही. मिटलेल्या पाकळ्यांच्या टोकातून फक्त केसरांचा दांडा बाहेर डोकावतो, तेच तिचं फूल. नव्याने पाहणारा दुसऱ्या दिवसाची वाट पाहत राहतो. कळी ही फुलाची फक्त पूर्वतयारी असते, असं समजणाऱ्याने मिरची जास्वंदीचं एखादं झुडूप घरी लावावं. ते प्रकरण मी मुद्दाम पुस्तकाच्या मध्यावर ठेवलं आहे.

जास्वंदीच्या उपयोगांवर या पुस्तकात जवळजवळ काहीच नाही. केसांचं तेल, सरबत, बूट काळे करण्यासाठी पाकळ्यांचा रस, सातवीच्या वर्गातला तो प्रयोग ज्यात जास्वंदीचं पाणी आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवं होतं, हे सगळं इतरत्र भरपूर मिळतं. उपयोग सांगितल्याशिवाय झाडाबद्दल लिहायचंच नाही, अशी आपल्याकडे एक सवय पडून गेली आहे. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं तेव्हा झाडांना असं कामाला जुंपलं नव्हतं, तरी मराठी वाचकाने ते पुस्तक डोक्यावर घेतलं. त्यांच्यासारखं लिहिणं कुणाला जमेल असं नाही. पण झाडाकडे काही मागायला न जाता त्याच्यापाशी उभं राहता येतं, एवढं तरी त्यांच्याकडून घेता येण्यासारखं आहे.

नोंदी वाचताना त्या सलग वाचल्या नाहीत तरी चालेल. ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी पुस्तक झाडाजवळच ठेवावं, आणि माझी नोंद त्यांच्या झाडाशी जुळत नसेल तर झाडावर विश्वास ठेवावा. कोकणातली दमट हवा, देशावरचं कोरडं ऊन आणि विदर्भातला मे महिना यांत कळीचा वेग सारखा असणार नाही. सुरुवात करायला पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस चांगले, नाहीतर माघ-फाल्गुनातले. तेव्हा नवी फूट जोरात असते. उन्हातली एखादी फांदी निवडा, तिच्या एका कोवळ्या कळीच्या खालच्या बाजूला, फांदीला, सैलसर रंगीत दोरा बांधा म्हणजे रोज तीच कळी पाहिली जाईल. मोजायला शाळेची पट्टी पुरते. काही घडलं नाही तर तसं लिहा. कळी गळाली तर तेही लिहा, आणि शेजारच्या कळीला दोरा बांधा.

घरातल्या फुलं खुडणाऱ्या माणसाला मात्र आधी सांगून ठेवा. दोरा बांधलेलं फूल ज्या सकाळी उमलेल त्या सकाळी ते झाडावरच राहू द्यावं, संध्याकाळी मिटेपर्यंत. देवासाठी बाकीची आहेतच.